विंडोलांडा, उन्हाळी हंगाम : आमच्या चरीच्या नोंदी

३० जून, सोमवार

आजपासून ही चर आमच्याकडे. किल्ल्याच्या पश्चिम तटाबाहेरच्या वस्तीतली, साधारण सहा मीटर बाय चार. आधीच्या तुकडीने गवत, वरची माती आणि पडझडीचा दगड काढून ती फरसबंदीपर्यंत आणून ठेवली आहे. फरसबंदी तिसऱ्या शतकातली. तेव्हा इथे गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, उभी केलेली चौथी कोहॉर्ट, म्हणजे रोमन पलटण, होती, आणि या बाजूला त्यांच्या बायकापोरांची, दुकानदारांची, लोहारांची घरं. आमचं काम फरसबंदीच्या खाली आहे.

पुण्याच्या मंडळींसाठी जागेची माहिती एकदाच लिहिते. विंडोलांडा इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडमध्ये. रोमन सम्राट हेड्रियनची सरहद्दीची भिंत इथून उत्तरेला दीडेक किलोमीटरवर. पण भिंतीचं काम निघालं इ. स. १२२ मध्ये, आणि इथला पहिला किल्ला ८५ च्या आसपासचा. भिंत नव्हती तेव्हा स्टेनगेट नावाच्या रस्त्यावरचे किल्ले सरहद्द सांभाळत होते आणि हा त्यातलाच एक. एकाखाली एक असे निदान नऊ किल्ले इथे आहेत. सुरुवातीचे लाकडाचे, नंतरचे दगडाचे. पलटण बदलली की जुन्या बराकी पाडायच्या, त्यावर चिकणमाती आणि गवतासकट कापलेली ढेकळं पसरून जमीन सपाट करायची आणि नवं बांधकाम सुरू. या झाकणाखाली हवा पोचलीच नाही, त्यामुळे लाकूड, चामडं, कापड, केससुद्धा टिकले. मी आले ती या खालच्या थरासाठी. ओल्या वस्तूंचं जतन हा यंदाचा माझा अभ्यास आहे. खापरं आपण मराठवाड्यात पोतीच्या पोती धुतली आहेत.

चरीत आम्ही पाच जण. दरवर्षी न चुकता येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर, यॉर्कशरचं एक जोडपं, हॉलंडमधल्या नायमेखनहून आलेली एक विद्यार्थिनी आणि मी. सुपरवायझर तरुण आहे, कमी बोलतो.

१ जुलै, मंगळवार

सकाळी फरसबंदीचे फोटो, आराखडा, पातळ्या. दुपारी दगड उचलायला घेतले. दगड वाळूचा आहे, समोरच्या बार्कम टेकडीवर रोमन खाणी आहेत, तिथलाच असणार. दोन दगड ढकलगाडीत घातले की गाडी चिखलात रुतते. फळ्या टाकून वाट केली.

मधल्या मातीत लोखंडी खिळे, गुरांची हाडं, स्पेनच्या तेलाच्या अँफोरेची, म्हणजे दोन कानांच्या मोठ्या रांजणाची, जाड खापरं आणि सॅमियनचे काही तुकडे. सॅमियन म्हणजे गॉलमध्ये बनलेली तांबडी चकचकीत भांडी. पोस्टमास्तरकाकांना त्यांच्याबद्दल बोलायला फार आवडतं. पहिल्या किल्ल्याच्या खंदकात दक्षिण गॉलमधल्या ला ग्रॉफझेंकच्या कारखान्यातली, एकदाही न वापरलेली नक्षीदार वाडगी ढिगाने मिळाली होती. शेकडो मैलांच्या प्रवासात फुटली, इथे खोकं उघडलं आणि तसंच खंदकात ओतलं. कुणाच्या तरी पगारातून ते पैसे कापले गेले असतील, असं काका म्हणाले. टपालखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते पटकन सुचणारच.

२ जुलै, बुधवार

पाऊस. साडेदहाला थांबवलं.

३ जुलै, गुरुवार

पाऊस चालूच. चरीत पाणी घोट्यापर्यंत. दिवस संग्रहालयात काढला. वाया गेला असं म्हणवत नाही.

इथल्या लाकडी पाट्यांविषयी सगळ्यांनी वाचलेलं असतं. भूर्ज नाहीतर आल्डरच्या लाकडाचे एक ते तीन मिलिमीटर जाडीचे पातळ काप, पोस्टकार्डाएवढे, त्यांवर काजळीच्या शाईने लिहिलेलं. आजवर १,७०० हून जास्त मिळाले. बहुतेक लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये, काही इथे. सगळ्यात गाजलेलं पत्र म्हणजे क्लॉडिया सेव्हेराने किल्लेदार सेरियालिसच्या बायकोला, सुल्पिकिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावलंय ते. मजकूर कारकुनाने लिहिलाय आणि शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. बाईच्या हातचं लॅटिन इतकं जुनं फारच थोडं उरलंय, म्हणून त्याचं कौतुक.

मला मात्र पहिल्या तुंग्रियन कोहॉर्टचा हजेरीपट जास्त आवडतो. तारीख १८ मे. एकूण ७५२ जण, त्यांत ६ सेंच्युरियन, म्हणजे तुकडीप्रमुख. त्यातले ४५६ गैरहजर: ३३७ कोरियाला, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिजला, बाकीचे इकडेतिकडे, एक सेंच्युरियन लंडनला. हजर २९६. त्यांतही १५ आजारी, ६ जखमी, १० जणांचे डोळे आलेले. कामाला उभे राहू शकणारे २६५. सरहद्दीवरच्या ठाण्याची ही खरी अवस्था. पुस्तकातल्या नकाशावर किल्ल्याचा चौकोन काढला की आपण तो माणसांनी भरलेला धरून चालतो. इथे निम्म्याहून अधिक पलटण बाहेर आणि उरलेल्यांत दहाजण डोळ्यांवर हात धरून बसलेले.

४ जुलै, शुक्रवार

उघडीप. पाणी उपसून फरसबंदीखालचा खडीचा थर काढला. दुपारी तीनच्या सुमारास फावड्याचा आवाज बदलला. राखाडी, घट्ट चिकणमाती, मध्ये मध्ये काळ्या रेघा. रेघा म्हणजे उलटी टाकलेली गवताची ढेकळं. गवताची बाजू कुजून काळी पडते आणि छेदात, म्हणजे चरीच्या उभ्या कापलेल्या बाजूत, बारीक ओळ दिसते.

यावरून वाद. यॉर्कशरच्या बाईंचं म्हणणं, हा मातीच्या तटबंदीचा पायथा आहे. मला ते सपाटीकरण वाटतंय, कारण ढेकळांना रचलेपण नाही, कशीही फेकलेली आहेत. सुपरवायझरने दोघींचं ऐकून घेतलं आणि "खाली जाऊन बघू" एवढंच म्हणाला. बरोबर आहे. वरून बघून थराला नाव द्यायची घाई सगळ्याच साइटवर होते आणि एकदा वहीत नाव पडलं की ते खोडायला कुणी धजत नाही. वहीत सध्या फक्त क्रमांक लिहिला आहे.

७ जुलै, सोमवार

सगळा दिवस चिकणमाती. ती ट्रॉवेलला, म्हणजे खरवडायच्या थापीला, चिकटते, बुटांना चिकटते, घमेल्यातून सुटत नाही. मिळालं काही नाही, आणि ते चांगलंच लक्षण. भरावात जितकं कमी, तितकं झाकण जाड.

चर आता पायऱ्या-पायऱ्यांनी आत घेतली आहे, काठ ढासळू नये म्हणून. तळाची जागा आता निम्मीच उरली. दोघांनीच उतरायचं, बाकीच्यांनी वर बादल्या ओढायच्या. पंप दिवसभर चालू.

८ जुलै, मंगळवार

लागला.

सव्वाअकराला डच मुलीच्या फावड्याने चिकणमातीचा शेवटचा थर उचलला आणि खाली पिवळसर, सोनेरी काहीतरी चमकलं. नेचा आणि वाळलेलं गवत, जमिनीवर अंथरलेलं. आम्ही वाकून बघेपर्यंत कडा तपकिरी व्हायला लागल्या आणि थोड्याच वेळात सगळं काळं. एकोणीसशे वर्षं हवा न लागलेली वस्तू, हवा लागल्याबरोबर रंग टाकते. कॅमेरा हातात तयार होता म्हणून दोन फोटो मिळाले.

आणि वास. शेणखत, कुजका पेंढा आणि त्यात काहीतरी आंबट. काका म्हणाले, याच वासासाठी लोक वर्षभर वाट बघतात. थट्टा असावी, पण आजूबाजूच्या चरींतली माणसं काठावर येऊन वास घेऊन गेली हे खरं.

इथून पुढे ट्रॉवेल बंद. ट्रॉवेलने खरवडलं तर पाटी असलीच तर चिरली जाणार. म्हणून फावड्याने पावासारखा चौकोनी ठोकळा कापायचा, वर द्यायचा, आणि वर बसलेल्याने तो हाताने, थराथराने उलगडायचा. मी वरच्या बाजूला बसले. नेच्याची पानं अजून ओळखू येतात, देठाची शिरसुद्धा. त्यात हेझलच्या कवचांचे अर्धे तुकडे, हाडं, कातीव कामाच्या ढलप्या आणि माश्यांचे रिकामे कोश मूठमूठ. तबेल्यातल्या माश्यांचे. म्हणजे ही सतरंजी बदलायचा कंटाळा करून तिच्यावरच नवी टाकत गेलेत आणि खाली माश्या निवांत वाढत होत्या. हाडांवर काही ठिकाणी निळी भुकटी, व्हिव्हियानाइट नावाचं खनिज. पहिल्यांदा बघणाऱ्याला कुणी रंग सांडलाय असं वाटतं.

नमुन्याच्या पिशव्या चार कोपऱ्यांतून घेतल्या. बिया आणि किडे प्रयोगशाळेत चाळून बघतील.

९ जुलै, बुधवार

ठोकळे, ठोकळे. बोटांची नखं काळी ती आता महिनाभर तशीच राहणार.

१० जुलै, गुरुवार

जोडा.

दुपारच्या चहानंतर यॉर्कशरच्या काकांनी ठोकळा कापताना थांबून हात वर केला. नेच्याच्या दोन थरांमध्ये चामड्याची कड. इथे ओढायचं नसतं. कड दिसली म्हणून ओढली की शिवण सुटते, मग वस्तू आणि तिची जागा दोन्ही जातात. भोवतालच्या चिखलासकट खालून फावडं घालून उचललं, ट्रेवर ठेवलं आणि पाण्याचा हलका फवारा मारत मी आणि सुपरवायझरने माती सैल केली.

लहान मुलाचा तळवा. माझ्या तळहातापेक्षा जेमतेम बोटभर लांब. तीन पदरी चामडं, कडेने लोखंडी खिळ्यांची ओळ, त्यातले बरेच गंजून नुसती भोकं उरलेली. टाचेच्या बाहेरच्या बाजूला झीज जास्त. वरचा भाग बराच फाटलेला, पण घोट्याजवळ बंद ओवायची दोन भोकं शाबूत.

इथे पाच हजारांहून जास्त पादत्राणं मिळाली आहेत, तेव्हा एका जोड्याने बातमी होत नाही. पण लहान मुलांच्या जोड्यांनी इथे एक मोठा वाद हलवला. सैनिकाला नोकरीत असताना कायदेशीर लग्न करता येत नसे. ही बंदी दुसऱ्या शतकाच्या शेवटी सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात सैल झाली असं मानतात. त्यावरून किल्ल्याच्या आत फक्त पुरुष, बायकापोरं तटाबाहेर, असं चित्र वर्षानुवर्षं रंगवलं गेलं. मग चामड्याच्या अभ्यासक कॅरल फान ड्रील-मरी यांनी बराकींत मिळालेले बायकांचे आणि मुलांचे जोडे मोजायला घेतले, पुढे एलिझाबेथ ग्रीन यांनी ते काम वाढवलं. जोडे बराकींच्या आतच होते. कायद्यात काय लिहिलं होतं आणि माणसं कशी राहत होती यातलं अंतर एका पायाच्या मापाने दाखवलं. शिलालेखांवर विसंबून राहिलो असतो तर हे कळायला मार्ग नव्हता.

आमचा जोडा कुठल्या किल्ल्याच्या काळातला, हे अजून बोलायचं नाही. थराचा क्रमांक, पातळी, पाण्याने भरलेली पिशवी, आत-बाहेर दोन चिठ्ठ्या.

११ जुलै, शुक्रवार

आज मला प्रयोगशाळेत बसायची परवानगी मिळाली. मऊ ब्रश आणि वाहतं पाणी, बस. जोडा धुताना चामड्यावरची रंध्रं दिसायला लागली.

चामडं टिकतं ते फक्त ओलीमुळे नाही. नुसत्या वाळवलेल्या किंवा चरबी चोळून मऊ केलेल्या कातड्याचा अशा जमिनीत मागमूस राहत नाही. रोमनांनी झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कातडं कमावण्याची पद्धत इथे आणली, आणि जंतूंना ते पचत नाही. आपल्या कोल्हापुरी वहाणेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावतात, तीच ही तऱ्हा, इथे साल ओकची. फरक एवढाच की कोल्हापूरची दोन हजार वर्षांपूर्वीची एकही वहाण आपल्या हाती नाही.

जतनाची पद्धत: चामड्यातल्या पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिएथिलीन ग्लायकोल मुरवायचं, मग गोठवून निर्वातात सुकवायचं. घाई केली तर आकसून कडक होतं. फळीवर रांगेने ठेवलेल्या जोड्यांत एक मोठा तळवा होता, त्यावरचे खिळे रांगेत नाहीत, नक्षीत मारलेले. चालताना मातीत नक्षी उमटावी म्हणून. लेपिडिनाच्या घरातला मानला जाणारा तो प्रसिद्ध नाजूक सँडल काचेत ठेवलाय, त्यावर कारागिराचा शिक्का: लुकियस एबुटियस थालेस. ब्रँडचा सोस त्या काळीही होता.

१४ जुलै, सोमवार

नवी तुकडी. काका गेले, जोडपं गेलं, डच मुलगी राहिली. नव्यांत एक शाळामास्तर आणि दोन विद्यार्थी. दोघांनाही पहिल्या तासात पाटी हवी आहे.

१५ जुलै, मंगळवार

आज ढलप्यांचा दिवस. प्रत्येक ठोकळ्यात लाकडाचे पातळ काप, आणि प्रत्येक कापाला विद्यार्थी श्वास रोखून बघतात. सुपरवायझरचा नियम: पातळ, सपाट, कडा सरळ असेल तर पुसायचं नाही, उलटायचं नाही, पाण्यात ठेवून वर द्यायचं. दुपारपर्यंत आमच्या ट्रेमध्ये अशा काही ढलप्या जमल्या. एकीच्या कडेला खाच होती, दोरा बांधायला पाडतात तशी.

मार्च १९७३ मध्ये इथले उत्खननकार रॉबिन बर्ली यांच्या हाती पहिल्या पाट्या आल्या तेव्हा त्याही ढलप्याच वाटल्या होत्या. दोन काप एकमेकांना चिकटलेले, विलग केल्यावर आत खुणा. ते घेऊन डरहॅम विद्यापीठात पोचेपर्यंत लाकूड काळं पडून अक्षरं दिसेनाशी झाली. पुढे इन्फ्रारेड फोटोत ती परत उमटली आणि अॅलन बोमन, डेव्हिड थॉमस यांनी ती वळणदार लिपी लावून काढली. त्याआधी कुणी अशा किती ढलप्या ढिगावर टाकल्या असतील, याचा विचार न केलेला बरा.

१६ जुलै, बुधवार

खाचवाल्या ढलपीचा निकाल आला. इन्फ्रारेडमध्ये एकही अक्षर नाही. कोरी असेल किंवा नुसता तुकडा. विद्यार्थी हिरमुसले. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, कारण कोऱ्या पाट्याही लागतातच की, सगळं थोडंच लिहून झालेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मिऱ्यांवरून गोष्ट निघाली. शाळामास्तरांनी विचारलं, इथे भारतातलं काही मिळालंय का? मिळालंय, पण कागदावर, म्हणजे लाकडावर. एका हिशेबाच्या पाटीत टॅप्पोचा मुलगा गॅम्बॅक्स याच्या नावावर मिरी, दोन डेनारी (रोमन चांदीची नाणी) अशी नोंद आहे. रोमन लेखक प्लिनीने रोममधला भाव दिलाय तो काळ्या मिरीचा पौंडाला चार डेनारी. त्या भावाने अर्धा रोमन पौंड, दीडशे-एकशेसाठ ग्रॅम. सरहद्दीवर भाव चढा असणार, म्हणजे त्याहून कमीच. तेव्हा लीजनच्या, म्हणजे रोमच्या मुख्य फौजेतल्या, शिपायाला वर्षाला ३०० डेनारी पगार होता. या पलटणीतल्याला बहुधा त्याहून थोडा कमी. म्हणजे निदान अडीच दिवसांची मजुरी मिऱ्यांवर. मलबारातून निघून, तांबडा समुद्र, नाईल, अलेक्झांड्रिया असं करत ती मिरी या पावसाळी डोंगरात येऊन बिअरसोबत खाल्ली गेली असेल. बिअरचं म्हणाल तर मास्क्लस नावाच्या अधिकाऱ्याने सेरियालिसला लिहिलेलं पत्रच आहे, आमच्या लोकांकडे बिअर संपली, पाठवायची व्यवस्था करा. डच मुलीला याचा फार अभिमान, कारण सेरियालिसची नववी कोहॉर्ट बटाव्हियनांची आणि बटाव्हियन म्हणजे तिच्या नायमेखनकडचे.

मग मी त्यांना नाशिकचं सांगितलं. पांडवलेण्यातलं दहावं लेणं, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीरसंघांकडे, त्याने भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी कायमची ठेव ठेवली: एकीकडे २,००० कार्षापण नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्याने. आणि लेखात पुढे म्हटलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे साधारण याच सुमाराला नाशकात दफ्तर होतं, त्यात लाकडी फळ्या होत्या आणि त्यांवर व्याजाचे हिशेब. लेण्याच्या भिंतीवर आहे ती त्या नोंदीची दगडातली नक्कल. अस्सल गेलं.

गेलं कशाने, तर हवामानाने. आपल्याकडची माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. या ओल्या-कोरड्याच्या खेळात लाकूड दोन पिढ्या टिकत नाही, मग वाळवी आहेच. म्हणून सातवाहन म्हटलं की आपण खापरं, नाणी आणि लेण्यांतले दानलेख मांडतो, आणि नकळत असं धरून चालतो की ती माणसं दान फार द्यायची आणि पत्रं फार लिहायची नाहीत. नेवाशाला १९५४-५६ मध्ये सांकलियांच्या उत्खननात भूमध्यसागरी अँफोरांची खापरं निघाली. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, मिळाला, तो टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. अँफोरा कुणी मागवली, पैसे कुणी दिले, कुणाचे बुडवले, हे सांगणारी फळी मिळालेली नाही. ती नव्हतीच, असं म्हणणं म्हणजे इथल्या चिखलाचं श्रेय इथल्या कारकुनांना देणं.

मास्तरांनी विचारलं, तुमच्याकडे ओली जागाच नाही का? आहेत. केरळात पट्टणमला २००७ मध्ये गाळातून लाकडी होडी आणि सागाच्या खुंट्या निघाल्याच. आपल्याकडे सोपाऱ्याच्या, चौलच्या खाडीचा गाळ आहे, जुन्या वस्त्यांमधल्या आडांचे तळ आहेत. टेकाडाच्या माथ्यावर चौकोन आखायची आपली सवय, कारण माथ्यावर भिंती मिळतात. आडाचा तळ खणायला पंप लागतो, आधार लागतो आणि निघालेलं ओलं ठेवायला टाकी लागते. परत गेल्यावर प्रस्तावात हे तिन्ही घालणार आहे. मंजूर होईल न होईल.

१७ जुलै, गुरुवार

चिलटं. वारा पडला की झुंडीने येतात. जाळीची टोपी घातली तर बारीक काही दिसत नाही, काढली तर कानात. चारलाच आवरलं.

१८ जुलै, शुक्रवार

ईशान्य कोपऱ्यात कूड. उभ्या बारीक खुंट्या आणि त्यांत आडव्या विणलेल्या काटक्या, कोकणात घालतात तसाच, फक्त काटक्या हेझलच्या. गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत उभा आहे. काही काटक्यांची साल अजून अंगावर. लिंपणाची माती आतल्या बाजूला पडलेली. डच मुलगी बराच वेळ नुसती बघत बसली होती. मी तिला म्हटलं, आता रेखाटन कर, पंप बंद केला की हे पाण्याखाली जाईल.

कुडाच्या टोकाला एक जाड ओकचा खांब.

२१ जुलै, सोमवार

शनिवार-रविवार पाऊस झाला. चर काठोकाठ. उपसायला दुपार झाली. ओल इथे शत्रू नाही, ती पुरेशी नसणं हा शत्रू. इथे आणि पश्चिमेला मॅग्नाच्या किल्ल्यावर जमिनीत सेन्सर पुरून ओल, तापमान, ऑक्सिजन मोजतात. कोरडे उन्हाळे वाढले तर दलदलीची माती आकसते, भेगांतून हवा आत जाते, आणि न खणलेलं तसंच कुजून जातं. मॅग्नाला २०२३ पासून खणायला घेतलं त्यामागे ही भीतीसुद्धा आहे. खणू नका, पुढच्यांसाठी ठेवा, हे तत्त्व आपल्याला शिकवलेलं. इथे ते दरवेळी लागू पडत नाही.

२२ जुलै, मंगळवार

चिकणमातीचा वाद मिटला. कूड आणि खांब पूर्ण मोकळे केल्यावर दिसलं की खांबाचा माथा कुजून बारीक झालेला नाही. सपाट आहे, कुऱ्हाडीचे तिरके घाव स्पष्ट, आणि चिकणमाती थेट त्या घावांवर बसली आहे. कुडाच्या खुंट्याही त्याच पातळीला मोडलेल्या. म्हणजे बराक पाडली, खांब तोडले आणि लगेच वर भराव घातला. मध्ये काही वर्षं गेली असती तर घावांच्या कडा बोथटल्या असत्या. सपाटीकरणच. यॉर्कशरच्या बाईंना सुपरवायझरने फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "ठीक, पण पश्चिमेच्या छेदात पुन्हा बघा." बघितलं. तिथे ढेकळं खरोखरच नीट रचलेली आहेत. भरावाला बांध घातला असेल किंवा वेगळंच काही. पश्चिमेचा तेवढा भाग उघडा ठेवला आहे.

२३ जुलै, बुधवार

छेदाचं रेखाटन, पूर्व आणि उत्तर बाजू. माझं आवडतं काम. पिन, दोरी, मीटरपट्टी, आणि कुणी बोलायचं नाही. फरसबंदी, खडी, राखाडी माती, काळ्या रेघा, नेचा, खाली पुन्हा राखाडी. नेच्याच्या थरात निदान तीन सतरंज्या वेगळ्या ओळखू येतात.

२४ जुलै, गुरुवार

पाव दिवस पाऊस. राहिलेले ठोकळे उलगडले: खिळे, चामड्याच्या कात्रणाचे लांब पट्टे, एका कात्रणावर सुरीची खूण. जवळपास कुणीतरी जोडे शिवत किंवा दुरुस्त करत असावं. ऑक्टेव्हियस नावाच्या व्यापाऱ्याचं पत्र आठवलं: कातडी कॅटरिकला पडून आहेत, पण रस्ते खराब, जनावरांना त्रास नको म्हणून आणायला गेलो नाही, आणि पाचशेक डेनारी लगेच पाठवा, नाहीतर इसाऱ्याचे पैसे बुडतील. आमची कात्रणं त्या कातड्यांची नसतील, पण रस्ते आजही तसेच आहेत.

२५ जुलै, शुक्रवार

माझा शेवटचा दिवस. सोमवारी येणाऱ्यांसाठी:

पंप सकाळी आधी अर्धा तास चालवा, मगच ताडपत्री काढा. ताडपत्रीखाली कुडावर ओला फोम आहे, तो वाळू देऊ नका, उन्हाचा दिवस असेल तर दर तासाला पाणी मारा. ओकच्या खांबाला हात लावू नका. वर्षवलयांसाठी काप घ्यायला तज्ज्ञ येणार आहेत, तोवर तो जागेवरच राहील. नेच्याखालची राखाडी माती अजून खणलेली नाही, तिच्यात आग्नेय कोपऱ्याला चामड्याची एक कड दिसते आहे, खूण म्हणून पिवळी पिन लावली आहे. पश्चिमेच्या रचलेल्या ढेकळांचा क्रमांक वेगळा दिला आहे, राखाडी भरावात मिसळू नये. नमुन्याच्या दोन पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई फुटली होती, त्या पेन्सिलने पुन्हा लिहिल्या. मोठ्या ढकलगाडीचं चाक हवा धरत नाही, छोटी वापरा.